कड्या दिसल्या म्हणजे लीझेगांग?

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की यवतच्या पुढे भांडगाव येते. दौंड तालुक्यातले हे गाव. उसाचा आणि गुऱ्हाळांचा हा पट्टा. जमिनीखाली सगळीकडे तोच आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. गेल्या थंडीत तिथल्या एका शिक्षकमित्रांच्या शेतात विहिरीचे काम चालू होते. खोदाईतून निघालेल्या ढिगात एक दगड वेगळा दिसला. मध्ये काळा घट्ट गोळा आणि त्याच्याभोवती पिवळट-तपकिरी कड्या, एकात एक बसवलेल्या वाट्यांसारख्या. मी तो उचलला आणि सोबतच्या विद्यार्थ्यांना मोठ्या उत्साहाने सांगितले, "ही पाहा लीझेगांगची कडी! प्रयोगशाळेत परीक्षानळीत जे घडते तेच निसर्गाने इथे करून ठेवले आहे."

खोदकाम करणारे एक वयस्क गृहस्थ शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "गुरुजी, ह्यो दगड कांद्यावानी सुटतोय बघा." त्यांनी घणाचा हलका टोला मारला तसा बाहेरचा पापुद्रा अलगद निघून पडला. तेवढ्यात नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, नळीतल्या कड्या अशा सुटतात का?"

सुटत नाहीत. जेलमधली कडी म्हणजे साक्याचा पट्टा असतो, तडा नसतो. माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि त्याहून वाईट म्हणजे नाव सांगताना मला उत्तराची गरजही वाटली नव्हती. हा लेख त्या घाईवर आहे. लीझेगांगच्या कड्यांविषयी आपण शिक्षक मंडळी जी गोष्ट वर्गात, छंदवर्गात आणि विज्ञान प्रदर्शनाच्या फलकावर सांगतो, ती तपासून पाहण्याचा हा प्रयत्न आहे. तिच्यात तीन दोष आहेत असे मला वाटते, आणि तिन्ही मी स्वतः केलेले आहेत.

नेहमीची गोष्ट

आधी ती गोष्ट थोडक्यात पाहू. राफाएल एडुआर्ड लीझेगांग (१८६९-१९४७) हे जर्मन रसायनज्ञ. घराण्याचा व्यवसाय छायाचित्रणाच्या साहित्याचा, त्यामुळे जिलेटिन आणि चांदीचे क्षार हाताशीच असत. १८९६ मध्ये त्यांनी काचेवर जिलेटिनचा थर दिला. त्यात पोटॅशियम डायक्रोमेट मिसळलेले होते. त्यावर सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब ठेवला. थेंबातले चांदीचे आयन जिलेटिनमध्ये पसरू लागले आणि लालसर तपकिरी अवक्षेप तयार झाला. पण तो सलग डाग म्हणून न पडता एकाभोवती एक अशा कड्यांच्या रूपात पडला. दोन कड्यांच्या मध्ये जिलेटिन जवळजवळ स्वच्छ राहिले.

पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांनी याचे स्पष्टीकरण दिले. दोन्ही आयन एकत्र आले म्हणजे लगेच अवक्षेप पडतो असे नाही. द्रावण काही काळ अतिसंपृक्त राहू शकते. अतिसंपृक्तता एका मर्यादेपलीकडे गेली की साका पडतो, आणि एकदा पडला की आजूबाजूचे आयनही त्याच्याकडे खेचले जाऊन त्यावर जमा होतात. त्यामुळे त्या कडीच्या पुढच्या भागात मूळच्या आयनांचा दुष्काळ पडतो. बाहेरून येणारे आयन हा ओसाड पट्टा ओलांडून पुढे जातात, तिथे पुन्हा मर्यादा गाठली जाते आणि दुसरी कडी पडते.

स्पष्टीकरण सुटसुटीत आहे. मुलांना पटते, फलकावर मावते. म्हणूनच ते इतकी वर्षे टिकले आहे.

पहिला दोष : प्रयोग दाखवतो, मोजत नाही

आपण नळी भरतो, आठ दिवसांनी कड्या दाखवतो, मुले "अय्या" म्हणतात आणि तास संपतो. हा जादूचा प्रयोग झाला. खरे तर विज्ञान शाखेच्या महागड्या उपकरणांशिवाय, केवळ मोजपट्टी आणि घड्याळ यांच्या साहाय्याने ज्यातून संख्यात्मक नियम काढता येतात अशा थोड्या प्रयोगांपैकी हा एक आहे.

पहिला नियम काळाचा. कडी पृष्ठभागापासून किती अंतरावर आहे आणि ती दिसायला किती वेळ लागला, हे नोंदवले तर अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात निघते. पहिल्या दिवशी १२ मिलिमीटर अंतर गाठले असेल तर २४ मिलिमीटरला दोन नव्हे, चार दिवस लागतील आणि ३६ मिलिमीटरला नऊ दिवस. मोर्स आणि पिअर्स यांनी हे १९०३ मध्ये दाखवले.

दुसरा नियम अंतरांचा. तो याब्लचिन्स्की यांनी १९२३ मध्ये मांडला. लागोपाठच्या दोन कड्यांच्या अंतरांचे गुणोत्तर जवळजवळ स्थिर असते. समजा ते १.१ आहे आणि एक कडी १० मिलिमीटरवर आहे. मग पुढच्या कड्या ११, १२.१, १३.३ आणि १४.६ मिलिमीटरच्या आसपास पडतील. म्हणजे कड्यांमधली जागा क्रमाक्रमाने वाढत जाते. तिसरा नियम असा की, दूरच्या कड्या जाडही होत जातात.

वहीत दोन रकाने आखून मुलांनी हे आकडे काढले, की कड्यांना प्रथमच अर्थ येतो. पण इथे एक सावधगिरी हवी. वर्गमुळाचा नियम जुळला म्हणून ऑस्टवाल्ड बरोबर ठरले, असे समजू नये. तो नियम केवळ विसरणातून येतो. पाण्यात पसरणारी शाईही त्याच हिशेबाने पसरते. गुणोत्तराचा नियमही एकाहून अधिक सिद्धांतांमधून निघतो. जो निष्कर्ष सगळ्याच पक्षकारांना मान्य आहे, तो कोणाच्याच बाजूचा पुरावा होऊ शकत नाही. मुलांना शिकवण्यासारखा याहून मोलाचा धडा या नळीत दुसरा नसेल.

दुसरा दोष : वाद मिटला असे सांगणे

ऑस्टवाल्डच्या गोष्टीत जेलचे काम एवढेच : द्रव हलू न देणे. प्रवाह थांबवला की आयन फक्त विसरणाने पुढे जातात. हे खरे असेल तर जेल कोणताही चालायला हवा. प्रत्यक्षात तसे होत नाही. सिल्व्हर क्रोमेटच्या कड्या जिलेटिनमध्ये उत्तम पडतात, अगारमध्ये (ज्याला किराणा दुकानात आपण चायना ग्रास म्हणतो) पडत नाहीत. लेड क्रोमेटची तऱ्हा बरोबर उलट. म्हणजे जेल हा नुसता मांडव नाही, तो लग्नघरातलाच आहे.

ही अडचण ज्यांनी लवकर ओळखली त्यांत आपले एक ज्येष्ठ रसायनज्ञ होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. अलाहाबाद विद्यापीठातील नीलरतन धर आणि त्यांचे सहकारी ए. सी. चटर्जी यांनी १९२० च्या दशकात या विषयावर बरेच काम केले. त्यांचे म्हणणे असे की, तयार झालेला पदार्थ आधी अतिसूक्ष्म कणांच्या, म्हणजे कलिलाच्या रूपात जेलमध्ये तरंगत राहतो. जेल त्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो. पुढे ते कण गोठून, एकत्र येऊन पट्टा बनतो. जेल बदलला की त्याची ही धरून ठेवण्याची ताकद बदलते, म्हणून कड्याही बदलतात.

हाही शेवटचा शब्द ठरला नाही. परंतु "आधी सूक्ष्म कण, मग पट्टा" हा विचार पुढे वेगळ्या रूपात परत आला. १९७४ मध्ये फ्लिकर आणि रॉस यांनी लेड आयोडाइडवर प्रयोग केले. त्यांनी एका बाजूने आयन सोडण्याऐवजी जेलमध्ये सगळीकडे सारखाच पसरलेला कलिल घेतला. त्यातही अवक्षेपाच्या दाट आणि विरळ जागा आपोआप निर्माण झाल्या. ऑस्टवाल्डच्या गोष्टीतली पुढे सरकणारी आघाडीच इथे नव्हती, तरी नक्षी उमटली. याचे कारण असे की, मोठे कण लहान कणांपेक्षा कमी विद्राव्य असतात. लहान कण विरघळतात आणि त्यांचे द्रव्य मोठ्या कणांवर जाऊन बसते. श्रीमंत अधिक श्रीमंत होतो, गरीब पुसला जातो आणि सारखेपणा मोडून पट्टे तयार होतात.

आणखी एक गोष्ट. काही अवक्षेपांमध्ये कड्यांमधले अंतर वाढण्याऐवजी कमी होत जाते. कधी नळीत कड्यांऐवजी मळसूत्रासारखी वेटोळी दिसतात. या सर्वांना एकाच साच्यात बसवण्याचे काम अजून चालू आहे. १९९९ मध्ये आंताल, ड्रोझ, मॅग्निन आणि रॅच यांनी तेल आणि पाणी जसे एकमेकांपासून वेगळे होतात त्या धर्तीवर या कड्यांचे गणित मांडले आणि त्यातून अंतरांचा नियम मिळवला.

ऑस्टवाल्ड चूक होते असे मला म्हणायचे नाही. अतिसंपृक्तता आणि मागे उरणारा ओसाड पट्टा या दोन्ही गोष्टी आजच्या सिद्धांतांतही कोणत्या ना कोणत्या रूपात आहेत. आक्षेप आपल्यावर आहे. १८९७ चे उत्तर आपण असे सांगतो, जणू त्यानंतर सव्वाशे वर्षे कोणी प्रश्नच विचारला नाही.

तिसरा दोष : दिसते तसे असते असे मानणे

भांडगावच्या दगडाची चूक या प्रकारची. आणि या चुकीत आपण एकटे नाही, हे सांगितले तर थोडा धीर येईल.

१९३९ मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन आणि के. सुब्बरामय्या यांनी भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच आवर्ती अवक्षेपांचे स्वरूप तरंगांसारखे असल्याचे म्हटले होते. ज्यांचे आयुष्य प्रकाशतरंगांच्या अभ्यासात गेले, त्यांना समांतर पट्ट्यांमध्ये तरंग दिसावेत हे स्वाभाविक होते. पण तरंग आणि विसरण यांची जात वेगळी. तरंग ठरावीक वेगाने जातो, दुप्पट अंतराला दुप्पट वेळ घेतो. विसरण चौपट वेळ घेते. दोन तरंग एकमेकांतून पार होतात आणि पुढे जसेच्या तसे राहतात. अवक्षेप पाडणारे आयन मात्र एकदा खर्ची पडले की पडले. साम्य नजरेत भरणारे होते, परंतु कड्या का पडतात या प्रश्नाचे उत्तर त्या वाटेने मिळाले नाही. रामन यांच्या पारखी नजरेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. एवढ्या नजरेलाही उपमा पुरत नाही, इतकाच यातला बोध.

स्वतः लीझेगांगही या मोहापासून दूर राहिले नाहीत. १९१३ मध्ये त्यांनी भूशास्त्रातील विसरणावर आणि १९१५ मध्ये अकीक या दगडावर पुस्तक लिहिले. अकीक म्हणजे ज्यात रंगीत पट्टे असतात तो गारगोटीच्या जातीचा दगड. बेसाल्टमधल्या पोकळ्यांत तो तयार होतो, म्हणून महाराष्ट्राच्या नदीपात्रांतून आणि शेतांतून त्याचे आणि त्याच्या भाईबंदांचे तुकडे सापडतात. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वी तिथे राहणारे शेतकरी याच जातीच्या कॅल्सेडनी दगडाची पाती वापरत होते. तेव्हा हा दगड आपल्या मुलांना परका नाही.

लीझेगांग यांचे म्हणणे असे की, पोकळी आधी सिलिकाच्या जेलने भरली, मग त्यात लोहाचे क्षार विसरणाने शिरले आणि कड्या पडल्या. कल्पना मोहक आहे, पण आता तिला आपण वर पाहिलेले नियम लावू. अकीकाचा चिरलेला तुकडा हातात घ्या. पट्टे पोकळीच्या भिंतीला धरून, तिच्या प्रत्येक खाचखळग्याप्रमाणे वळतात. त्यांची अंतरे ठरावीक गुणोत्तराने वाढत नाहीत. दहा बारीक पट्ट्यांनंतर एक जाड, पुन्हा चार बारीक, असे चाललेले असते. सूक्ष्मदर्शकाखाली या थरांमध्ये भिंतीशी काटकोनात वाढलेले स्फटिकतंतू दिसतात. म्हणजे पट्टा हा नुसता रंगाचा डाग नाही, तिथे स्फटिकांची वाढच बदलली आहे. काही अकीकांत खालच्या बाजूला सपाट आडवे थरही आढळतात, आणि गुरुत्वाकर्षणाने गाळ बसल्याशिवाय ते होणार नाहीत. आज भूवैज्ञानिक अकीकाकडे टप्प्याटप्प्याने झालेला भरणा आणि स्फटिक वाढताना आपोआप उमटलेली लय अशा दोन्ही दृष्टींनी पाहतात. त्यांच्यातला वाद मिटलेला नाही. पण जेलच्या गोळ्यात लोहाच्या कड्या पडल्या, एवढ्यावर भागत नाही हे नक्की.

या घाईची किंमत कधी मोठी असते. मानवी शरीरातल्या काही गाठींमधल्या द्रवात लीझेगांगच्या कड्यांसारखे सूक्ष्म गोल थर तयार होतात. ते परजीवी कृमींची अंडी आहेत असा समज झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवल्या आहेत. तिथे चूक उलटी झाली. खऱ्या कड्यांना दुसरेच काही समजले गेले. मूळ दोष मात्र तोच, नुसत्या दिसण्यावर विश्वास.

मग भांडगावचा दगड काय आहे?

बेसाल्टच्या खडकात भेगांचे जाळे असते. त्यामुळे खडकाचे ठोकळे पडलेले असतात. भेगांमधून पाणी शिरते आणि ठोकळ्याला चारी बाजूंनी लागते. कोपऱ्यांवर ते दोन-तीन बाजूंनी लागते, म्हणून कोपरे आधी झिजतात आणि ठोकळा गोल होत जातो. पाण्यामुळे खनिजांची माती होते. तिचे आकारमान वाढते, ताण येतो आणि बाहेरचा थर आतल्यापासून तडकतो. मग त्या तड्यातून पाणी आणखी आत जाते. असे एकावर एक पापुद्रे तयार होतात. याला गोलाकार अपक्षय म्हणतात. त्या गृहस्थांनी टोला मारून दाखवले ते हेच. त्यांचा "कांद्यावानी" हा शब्द माझ्या जर्मन नावापेक्षा अचूक होता.

पण गोष्ट इथेच संपवली तर ती दुसरी घाई होईल. घरी आणल्यावर दगड ओला करून भिंगातून पाहिला. एका जाड पापुद्र्याच्या आत, जिथे तडा नव्हता, तिथे गंजाच्या रंगाच्या दोन-तीन फिकट रेघा होत्या. लोह पाण्यातून सरकत जाऊन ठरावीक जागी साचते, असे अपक्षय होणाऱ्या खडकांत घडते. वालुकाश्मात लोहाच्या अशा कड्या पुष्कळ ठिकाणी दिसतात आणि तिथे भूवैज्ञानिक त्यांना लीझेगांगचे नावही देतात. माझ्या दगडातल्या रेघा त्या प्रकारच्या आहेत का? तीन रेघांवरून गुणोत्तर काढता येत नाही. तेव्हा पापुद्रे हे तडे आहेत, आणि रेघांविषयी निकाल राखून ठेवला आहे.

वर्गासाठी काही सूचना

मुलांपुढे कड्या असलेली कोणतीही वस्तू आली तर नाव देण्याआधी चार प्रश्न विचारावेत. कडी म्हणजे साचलेला पदार्थ आहे की तडा? पसरणारा पदार्थ कोणत्या बाजूने आला असेल? अंतरे मोजली तर त्यांत काही नियम दिसतो का? आणि अशीच नक्षी दुसऱ्या एखाद्या कारणाने होऊ शकेल का? झाडाच्या खोडातली वर्तुळे, कांदा, शिंपला आणि अकीक या चार वस्तू टेबलावर ठेवून हे प्रश्न विचारले तर एक तास उत्तम जातो.

प्रयोग करायचा तर लीझेगांगचा मूळ प्रयोग शाळेत करू नये. डायक्रोमेटमधले क्रोमियम कर्करोगकारक आहे. ते मुलांच्या हाताला लागू नये आणि मोरीतून विहिरीकडेही जाऊ नये. चांदीचा क्षार महागही पडतो. त्याऐवजी मॅग्नेशियम क्लोराइड घ्यावे. १०० मिलिलिटर कोमट पाण्यात साधारण ५ ग्रॅम जिलेटिन विरघळवून त्यात ते मिसळावे आणि फिनॉल्फ्थॅलीनचे काही थेंब घालावेत. मिश्रण परीक्षानळ्यांत अर्ध्यापर्यंत भरून गोठू द्यावे. मग शिक्षकांनी स्वतः, मोकळ्या हवेत, वर तीव्र अमोनिया ओतून नळ्यांना घट्ट बुचे लावावीत. अमोनियाची वाफ डोळ्यांना आणि श्वासाला घातक असते, म्हणून हे काम मुलांकडे देऊ नये. मॅग्नेशियमचे प्रमाण तीन नळ्यांत वेगवेगळे ठेवावे. एखाद्या नळीत सलग पांढरा साकाच पडेल. ती नळी फेकू नये, तीही उत्तरच देते.

गुलाबी रंगाची आघाडी सलग खाली सरकते आणि तिच्या मागे पांढरे पट्टे तुटक तुटक पडतात. आयन अखंड चालले आहेत, साका मात्र थांबून थांबून पडतो, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. प्रयोग थंडीतच करावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जिलेटिन वितळते आणि आठवड्याची मेहनत एका दुपारी वाया जाते.

भांडगावचा तो दगड आता वर्गातल्या कपाटात आहे. त्याखाली मी "लीझेगांगच्या कड्या" अशी चिठ्ठी लावली होती. ती काढली. नवी चिठ्ठी प्रश्न विचारणाऱ्या मुलाने लिहिली आहे : "बेसाल्ट. विहीर, भांडगाव. पापुद्रे पाण्यामुळे तडकून झालेले. आतल्या रेघा कशाच्या, ते अजून पाहायचे आहे."